सहासष्ट पौंडांचा कागद

डॅडच्या शेडमध्ये दाराजवळ एक खिळा आहे. त्याला कागद टोचलेले आहेत, दर वर्षाचा एक. सगळ्यात खालचा मी चौदा वर्षांची असतानाचा.

एल्कच्या, म्हणजे सांबरापेक्षाही मोठ्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी जुलैत डॅडचं, टोकांना चाकं असलेलं नव्या पद्धतीचं धनुष्य जुळवून द्यायचं काम माझं. लाकडी चौकटीत कागद ताणायचा आणि डॅडने सहा फुटांवरून त्यातून बाण मारायचा. बाण सरळ गेला तर गोल भोक पडतं आणि भोवती तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. डुलत गेला तर कागद एका बाजूला लांब फाटतो. मग बाणाचा टेकू केसभर सरकवायचा आणि पुन्हा बाण मारायचा. भोक स्वच्छ पडलं की त्या कागदावर मी पेन्सिलीने साल लिहायचे आणि धनुष्य ओढायला किती पौंड जोर लागतो तो आकडा. गेली अकरा वर्षं तो आकडा सहासष्ट होता.

गेल्या जुलैत डॅड एकाहत्तर वर्षांचा झाला. शेडमध्ये त्याने दोरी ओढायला घेतली, आणि ओढता ओढता धनुष्य हळूच आढ्याकडे गेलं. जोर कमी पडला की माणूस असं करतो, सगळी पाठ लावून ओढतो. कागद बोटभर लांब फाटला. दुसराही तसाच.

गॉर्डी दारात उभा होता. तो शेजारी, गेली चाळीस वर्षं डॅडचा शिकारीतला जोडीदार. त्याने दोन वर्षांपूर्वीच आपलं धनुष्य पन्नास पौंडांवर आणलं होतं.

"मर्ल, वर काय बघतोयस? कबुतरं मारायचीत?"

"तू बोलू नकोस," डॅड म्हणाला. "तुझ्या धनुष्याची दोरी कपडे वाळत घालायच्याच कामाची."

"एल्क काय आकडा वाचून मरतो का?"

"मरत नसेल. पण मला वाचता येतो ना."

ते दोघं हसले. मी हसले नाही. डॅडचा उजवा खांदा शर्टाखाली थरथरत होता आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून तो भिंतीकडे वळून उभा राहिला होता.

मी म्हटलं, "दोरी जुनी झालीय. घरी नेते, नवी घालते."

दोरी मी घातलीच. पण त्याबरोबर धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पात्यांचे स्क्रूही तीन-तीन फेरे सैल केले, म्हणजे ओढायला जोर कमी लागतो. ताणकाट्याला टांगून पाहिलं तर सत्तावन्न. जोर कमी झाला की बाण लवकर पडतो, म्हणून नेम धरायच्या टाचण्याही, दर अंतराची एक, हिशोबाने खाली घेतल्या. वीस वारांची, तीस वारांची, चाळीस वारांची.

पुढच्या रविवारी डॅडने पहिलाच बाण मारला आणि इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं असं भोक पडलं. कंपासने काढल्यासारखं.

"बघितलंस? दोरीच होती," तो म्हणाला. "हात आहे अजून." आणि मला पेन्सिल दिली.

मी साल लिहिलं. त्याच्यापुढे सहासष्ट लिहिलं.

शेडच्या मागे जागा वीसच वारांची. तिथे त्याचे बाण बरोबर मधोमध लागले. पुढच्या अंतरांसाठी आम्ही दर ऑगस्टला गॉर्डीच्या कापलेल्या गवताच्या शेतात जायचो. त्या ऑगस्टला डोंगरातली जंगलं पेटली आणि धूर खोऱ्यात उतरून बसला. समोरचं कुंपण दिसेना, डॅडला खोकला लागला. धूर निवळला तेव्हा हंगाम उघडायला दोन दिवस होते.

"तीस आणि चाळीस बघायचं राहिलं," तो फोनवर म्हणाला.

"मी हिशोब केलाय," मी म्हटलं.

"तू केलायस ना? मग झालं."

बाणाचा वेग मी मोजला नव्हता. वेग मोजायचं यंत्र गावातल्या दुकानात आहे, पण तिथला माणूस डॅडच्या रोजच्या बोलण्यातला. म्हणून मी वेग अंदाजाने धरला. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे कोणी मला असा न मोजलेला आकडा दिला असता तर मी तो कागद परत पाठवला असता.

पुढचं मला गॉर्डीने सांगितलं. हंगामाच्या सहाव्या दिवशी सकाळी नर एल्क ओढ्याच्या काठाला आडवा उभा राहिला. गॉर्डीने दुर्बिणीतून अंतर मोजून सांगितलं, चाळीस. डॅडचा हात दगडासारखा स्थिर होता. बाण चार बोटं खाली लागला, छातीच्या तळाला चिरून गेला. रक्त ओढ्यापर्यंत होतं, पलीकडे चार थेंब, मग काही नाही. दोघांनी रक्ताचा माग शोधत दोन दिवस गुडघ्यांवर बसून पानं उलटली.

दुसऱ्या संध्याकाळी डॅडने चाकू काढला आणि आपल्या परवान्यावर तारखेच्या जागी खाच पाडली, म्हणजे त्याचा त्या वर्षीचा एल्क झाला, हंगाम संपला.

"अरे, तो मेलाय कशावरून?" गॉर्डी म्हणाला. "बरा होईल."

"झाला तर चांगलंच आहे. पण मारला मीच."

घरी आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "डोळा गेला, पोरी."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, बटाटे उकळत होते. मी बटाट्यांना काटा टोचून पाहिला.

ऑक्टोबरात त्याने ट्रक चालवणं सोडलं, किल्ली माझ्याकडे दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. "त्यांनी मला चाळीस वारांवर उभं केलं नव्हतं," डॅड म्हणाला. त्याचं सामान आणायला दर शनिवारी मी जाऊ लागले. फेब्रुवारीत गुरांच्या खाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली. धनुष्य विकणे आहे, सहासष्ट पौंड, उत्तम स्थितीत.

मी पिशव्या तिथेच ठेवून डॅडकडे परत गेले. तो शेडमध्ये बाण पुसत होता.

"तुझा डोळा गेलेला नाही," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, क्रमाने. स्क्रू, टाचण्या, अंदाजाने धरलेला वेग.

त्याने मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "किती?"

"सत्तावन्न."

"सत्तावन्न." त्याने बाण खाली ठेवला. "पूर्वीसारखं कर."

मी स्क्रू तीन-तीन फेरे आवळले. तो कागदासमोर उभा राहिला, बाण लावला आणि ओढायला लागला. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याने ती सावकाश परत नेली. दुसऱ्यांदा धनुष्य आढ्याकडे नेलं. तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

"गॉर्डी पन्नासवर मारतो," तो म्हणाला.

"हो."

"दरवर्षी त्याचा फ्रीजर भरलेला असतो."

"हो."

"तू सांगितलं असतंस तर मी चार दिवस तोंड पाडून बसलो असतो. गॉर्डीने मला कपडे वाळत घालायला बोलावलं असतं. मग सत्तावन्नवर गेलो असतो आणि तीस वारांच्या पुढे बाण मारलाच नसता." त्याने बाण परत भात्यात ठेवला. "तो एल्क चाळीसवर उभा होता, पोरी. मी जाऊ दिला असता."



त्याने खिळ्यावरून वरचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि खिशातली पेन्सिल दिली. प्रयोगशाळेत आम्ही खोडरबराने पुसत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारतो, वर बरोबर आकडा लिहितो. मी तसं केलं आणि सवयीने कडेला सही केली.

"सही कशाला?"

"चूक कोणाची ते कळायला."

त्याने कागद पुन्हा खिळ्याला लावला. "आता परत सैल कर," तो म्हणाला. "आणि ती चाळीसची टाचणी काढून टाक."

मी काम करत असताना त्याने ट्रकची किल्ली मागितली. मी दिली. ट्रक अंगणातून मागे घेताना त्याने दोन्ही आरशांत पाहिलं आणि वळणाच्या खांबाला न घासता बाहेर काढला. मला वाटलं, चिठ्ठी काढायला चाललाय.

पुढच्या शनिवारी मी खाद्याच्या दुकानात गेले. चिठ्ठी फळ्यावरच होती, धनुष्य अजूनही विकायला होतं. सहासष्टवर एक रेघ होती आणि वर सत्तावन्न लिहिलं होतं. त्याखाली, नव्या शाईत, तीस वारांपर्यंत.