चाकवाल्याचे शेअर

साहेब, ज्याला धरायचं त्याला तुम्ही सोडलंत आणि जिनं एका माणसाचं घर वाचवलं त्या बाईमागे कागदांचा ससेमिरा लावलात. शेअरबाजारावर नजर ठेवायला सरकारनं तुम्हाला तिथे बसवलंय. आणि ती नजर गेली कुणावर, तर एका चाकवाल्यावर. आता बसलाच आहात तर त्याची हकीकत ऐका. मधे फोन घेऊ नका.

हा माणूस विमानाची चाकं बदलायचा. चौदा वर्षं तेच काम. सगळे त्याला चाकवालाच म्हणायचे, बायकोसुद्धा चिडली की म्हणायची. साथ आली, प्रवासी घरात बसले आणि कंपनीची अकरा विमानं धावपट्टीच्या कडेला रांगेनं उभी राहिली, दात काढायला आलेल्या पेशंटसारखी, गप्प, तोंड बांधून. इंजिनांना कापडी झाकणं लावली, गांधीलमाश्यांनी घरटी करू नयेत म्हणून बारीक नळ्यांना टोप्या घातल्या. दहातल्या नऊ माणसांना घरी पाठवलं. चाकवाल्याला ठेवलं, तेही आठवड्यातून एक दिवस, पाव पगारावर. कारण उभ्या विमानाचं वजन टायरच्या एकाच जागेवर पडतं आणि तिथे टायर बसतो. म्हणून दर मंगळवारी त्यानं जायचं, खडूची जुनी खूण बघायची, चाक थोडं फिरवायचं, नवी खूण करायची.

यातूनच त्याची मती फिरली.

कंपनीचा शेअर तेव्हा चहाच्या कपाच्या भावात मिळत होता. टीव्हीवर कंपनीचे प्रमुख छातीवर हात ठेवून सांगत होते, "आमची विमानं हीच आमची ताकद. ती उभी आहेत, विकलेली नाहीत." चाकवाल्याला ते पटलं, कारण त्याच्याकडे पुरावा होता. त्याचे स्वतःचे हात. ज्या विमानाची चाकं दर आठवड्याला माणूस लावून फिरवतात ते काय भंगारात जाणार? मी फिरवतोय म्हणजे उडणारच.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "कोपऱ्यावरचा गाळा भाड्यानं मिळतोय. पंक्चरचं दुकान टाका."

"मी विमानाचा माणूस. सायकलचं पंक्चर काढत बसू?"

"हवा दोन्हीत तीच असते. फरक एवढाच की सायकलवाला रोख देतो."

त्यानं ऐकलं नाही. दोघांनी बारा वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं, गाळ्याच्या अनामतीसकट, शेअरमध्ये घातलं. बायको भांडली नाही. तिनं फक्त गाळ्याच्या मालकाला फोन करून महिनाभर थांबायला सांगितलं. ते त्याला भांडणापेक्षा जास्त लागलं.

आता मावशींबद्दल. कंपनीच्या स्टोअरमध्ये सुटे भाग द्यायला एक बाई होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. स्लिप दाखवल्याशिवाय त्या साधा नटसुद्धा द्यायच्या नाहीत, म्हणून सगळे त्यांना कुलूपमावशी म्हणायचे. चाकवाल्याला त्यांनी चौदा वर्षांत चौदाशे वेळा तरी परत पाठवलं असेल. त्याच मावशींचा एका सोमवारी सकाळी फोन आला.

"उद्या चार नंबरच्या विमानाकडे जाऊ नकोस. चाकं फिरवायची नाहीत."

"का? मागच्या मंगळवारी तर..."

"इंजिनं उतरवलीत. मालकाची माणसं आलीत न्यायला."

"मालक म्हणजे आपली कंपनीच ना?"

मावशी म्हणाल्या, "अरे, विमानं भाड्याची आहेत. अकराच्या अकरा. दारातून आत शिरलं की चौकटीवर पत्रा ठोकलाय, त्यावर मालकाचं नाव आहे. कधी वाचलं नाहीस?"

कसं वाचणार? चाकवाला सगळी नोकरी विमानाच्या पोटाखाली वाकून उभा होता. वर चढायचं काम त्याचं नव्हतं आणि तिकीट काढून चढायची ऐपत नव्हती. लाखो प्रवासी त्या पत्र्याजवळून गेले, वाचला एकानंही नसेल. पण त्यांनी काही आयुष्याची पुंजी लावली नव्हती.

"मावशी, माझे सगळे पैसे कंपनीच्या शेअरमध्ये आहेत."

"सगळे?"

"गाळ्याचेसुद्धा."

"गाढवा," मावशी म्हणाल्या. "मग माझ्याशी काय बोलत बसलास? ठेव फोन."

त्यानं त्याच दिवशी सगळे विकले. घातले त्यापेक्षा थोडे कमी आले, पण आले. गुरुवारी शेअरची खरेदीविक्री बंद झाली ती कायमची. शुक्रवारी गाळ्याची किल्ली बायकोच्या हातात होती.

दुकान उघडल्यावर तो मावशींच्या घरी गेला. दारात उभा राहिला आणि घोकून नेलेलं सगळं विसरला.

"स्लिप आणलीस का?" मावशींनी विचारलं.

त्याला हसू आलं. "मावशी, तुम्ही फोन केला नसता तर..."

"पुरे. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, ती बघ."

त्यानं बघितली. तेव्हापासून दर रविवारी बघतो. हवा, ब्रेक, केबल, जे असेल ते. पैशांचं मावशी विचारतात, तो ऐकू आलं नाही असं दाखवतो. दुकान चालतंय. साथीत लोकांनी बस सोडून सायकली काढल्या, त्यांची पंक्चरं निघतायत. जेवायला बसला की पहिल्या घासाला त्याला तो सोमवार आठवतो. बायको म्हणते, "मावशींचे पाय धुवून पाणी प्यायला हवं." तो म्हणतो, "त्या पिऊ देणार नाहीत. स्लिप मागतील."

आणि मग साहेब, तुमची नोटीस आली. खरेदीविक्री बंद झाली त्या आठवड्यात शेअर विकणाऱ्या प्रत्येक कामगाराला आली. कंपनीतली आतली बातमी कळून शेअर विकणं हा गुन्हा, ती कुणी फोडली, नाव लिहा. कंपनी बुडाल्यावर चौकशीसाठी तिची खाती तुम्ही गोठवलीत, त्यात मावशींची निवृत्तीची रक्कम तुमच्याच सहीसाठी अडली होती. नाव दिलं तर ती जप्त. चाकवाल्यानं दोन दिवस कागदाला हात लावला नाही. मग रविवारी स्कूटर बघायला गेला तेव्हा मावशींनीच विषय काढला.

"लिही माझं नाव."

"नाही लिहिणार. खोटं लिहीन, पण तुमचं नाही."

"खोटं कशाला? मी चोरी केली का? एका कामगाराला उद्या काम नाही म्हणून कळवलं. ते माझं कामच होतं. पुढे तू रडलास, मी गाढव म्हटलं. तेही लिही."

"आणि तुमचे पैसे?"

"ते मी बघेन. तू मान खाली घालून लिहू नकोस, एवढंच कर. आयुष्यभर वाकून काम केलंस."

त्यानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं. बातमी कुणी दिली: स्टोअरमधल्या मावशींनी. बदल्यात काय दिलं: काही नाही, त्या घेत नाहीत. आणखी काही सांगायचं आहे का, या रकान्यात दोन ओळींची जागा होती. ती त्याला पुरली नाही, म्हणून कागद उलटा करून मागे लिहिलं:

"त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी चारचौघांत सांगतो. आता तुम्ही सांगा. जे नाव प्रत्येक विमानाच्या दारात ठोकलेलं होतं ते गुपित कसं? विमानं आमची म्हणून प्रमुख टीव्हीवर सांगत होते, तेव्हा त्यांच्या घरच्यांचे शेअर महिनाभर आधीच विकून झाले होते. पेपरात आतल्या पानावर आलंय, कात्रण जोडलंय. त्यांना असाच कागद पाठवलात का? हो किंवा नाही, लेखी कळवा. आणि मावशींची रक्कम कोणत्या तारखेला देताय, ते आधी कळवा."