भोंगा

वाटीताईच्या आहारवर्गात सगळ्यात मोठा आवाज भोंग्याचा. ताई सदा मापाची वाटी हातात घेऊन बोलायची, म्हणून बायांनी तिचं नाव वाटीताई पाडलं होतं. इस्त्रीवालीचं तान्हं पोर भोकाड पसरायचं, म्हणून ते भोंगा. एकदा वैतागून ताईनं स्वतःच त्याला घट्ट पेज भरवली. पोर गप्प झालं. "लक्षात ठेवा गं बायांनो," ती म्हणाली, "पोट भरलेलं पोर रडत नाही." बाया हसल्या, मान डोलावली. मग ताईनं ते वाक्य दर वर्गात घोकून घेतलं. स्वतःच्या असल्या वाक्यांवर तिचा भारी जीव.

पुढे इस्त्रीवालीचं धुलाईखान्यातलं काम निम्म्यावर आलं, मजुरीही. ती तरी वर्ग चुकवत नसे. मागे भिंतीला टेकून बसे, भोंगा मांडीवर निपचित. वर्ग सुरळीत चालू लागला आणि ताईला, खोटं कशाला सांगा, हायसंच वाटलं.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर इस्त्रीवाली जवळ आली. शाबासकी घ्यायलाच आली होती.

"ताई, तुमच्या पेजेचा गुण आला बघा. आता अजिबात रडत नाही."

"पेजेत घालतेस काय?"

"तुम्ही सांगितलं तेच, वाटीभर. फक्त पाणी जरा वाढवते. थोरलीलाही पुरायला हवी ना."

"जरा म्हणजे?"

"पातेलंभर."

ताईनं पोर उचललं. हाताला वजनच लागेना. दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"अहो, पण त्याला काय झालंय?" इस्त्रीवाली समजूत घातल्यासारखी म्हणाली. "रडतोय का तो?"

दवाखान्यात नर्सनं शीर शोधत पुन्हा पुन्हा सुई टोचली. भोंग्यानं तोंड उघडलं, आवाज आला नाही. रड रे बाबा, एकदा तरी रड, ताई मनात विनवत होती.

"सुईलाही रडत नाही माझं पोर," इस्त्रीवाली कौतुकानं म्हणाली.

नर्सनं मान वर केली नाही. "रडायला अंगात ताकद लागते, बाई."

इस्त्रीवालीचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं ताईकडे पाहिलं. "मग तुम्ही शिकवलं ते?"

शेजारच्या खाटेवरचं पोर भोकाड पसरून रडत होतं. त्या गलक्यात भोंगा कधी गेला, ते दोघींनाही कळलं नाही.