बिनलग्नाचा चौक

घरी पाहुणे यायचे म्हटले की आपण आपल्याच घराकडे परक्याच्या नजरेने बघू लागतो. सुलूचंही तसंच झालं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे दोन गोरे इंजिनिअर जेवायला येणार होते, आणि बोईसरच्या घराची ओसरी तिला एकाएकी उघडीबोडकी वाटू लागली.

पाम गावाजवळच्या वारली पाड्यावरची ठकी तिच्याकडे भांडी घासायची, बाळाला न्हाऊ घालायची. पाड्यावर लग्न असलं की भिंतीवर देवीचा चौक, म्हणजे देवीला बोलावणारं पिठाचं चौकोनी चित्र, लिहायचा मान ठकीचा. वारली बायका चौक काढत नाहीत, लिहितात. सुलूने तिला ओसरीची भिंत दाखवली.

"लगीन कोनाचं हाय, बाय?" ठकीने विचारलं.

"लग्न कशाला हवं? शोभेला काढ."

ठकी भांड्यांकडे वळली. तिचा नवरा नवशा त्याच बांधकामावर सुलूच्या नवऱ्याच्या हाताखाली मजुरी करी. दुसऱ्या दिवशी तिने तांदळाचं पीठ कालवलं आणि चौक लिहिला. पाहुण्यांनी फोटो घेतले, वाहवा केली आणि ते पापलेटाकडे वळले.

पुढे केळव्याहून सासूबाई आल्या. भिंत बघून माई दारातच थबकल्या.

"सुलू, नवरा-नवरी नसताना कुणी हौसेखातर तुला मंगलाष्टकं म्हणायला लावली, तर म्हणशील?"

"माई, चित्रच तर आहे!"

"आपले देव उचलून दिवाणखान्यात मांडणारे इंग्रजही हेच म्हणत. ते गेले गं, पण त्यांची खुर्ची आपण ठेवून घेतली."

सुलूने त्याच दिवशी भिंत धुतली. पण माघात ठकीच्या तानीचं लग्न निघालं, आणि सुलू बाळाला घेऊन पाड्यावर गेली, तर आत चौक दुसरीच बाई लिहीत होती. ठकी अंगणात तांदूळ निवडत होती. पोटच्या पोरीचं लग्न, आणि तिला भिंतीपाशी जायची बंदी!

सुलूने पाड्यातल्या बायडी नावाच्या जाणत्या बाईपुढे हात जोडले, सगळा दोष स्वतःवर घेतला. बायडीने चटई टाकली, बाळाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"तुमचं काय नाय, बाय. तुमाला काय ठावं? पन देवीला बोलावली हिनं. लगीनच नाय, तर ती बसंल कुठं?"

ठकीने मान वर केली ती बाळाकडे बघायला.

"पोराला ऊन लागतंय. घरी न्या त्याला."

वाचकहो, त्या दिवसापासून सुलू बदलली. ठकीचा हात मात्र पुन्हा कुठल्या लग्नाच्या भिंतीवर फिरला नाही. दुसऱ्याचं गाणं, दुसऱ्याची कला आपल्याला आवडावी, यात पाप नाही. पण मागण्याआधी त्या माणसाला आपल्याला 'नाही' म्हणता येईल का, एवढं बघावं. नंतर कळून उपयोग नसतो.