बिरोबा प्रसन्न नावाचा फोल्डर

क्रांतीनं तिसऱ्यांदा सगळं काढून टाकलं, तिसऱ्यांदा बसवलं आणि तिसऱ्यांदा तीच लाल ओळ आली: फाइल सापडत नाही.

विश्रामबागेतल्या कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात दुपारचे दोन वाजले होते. कवठे महांकाळकडच्या नऊ कळपांतल्या मेंढ्यांची दोन वर्षांची वजनं तिच्याकडे तयार होती. ज्या सॉफ्टवेअर पॅकेजनं त्यांचा हिशेब मांडायचा ते मात्र आयतं मिळत नव्हतं. त्याचा कोड आधी तिच्याच लॅपटॉपवर कंपाइल व्हावा लागे, म्हणजे कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरावा लागे. मार्गदर्शक अंजना मॅडम पाचला साताऱ्याला घरी निघणार आणि रात्री विद्यापीठाला अहवाल पाठवणार. त्यात निकाल नसला तर पीएचडीची मुदतवाढ नाही, आणि तिला समोर बसवून तपासल्याशिवाय तो अहवालात घालणार नाही, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

"फाइल मला दिसतीय, ह्यालाच कशी दिसत न्हाई?"

शेजारच्या टेबलावर शिवतेज स्वतःचा प्रबंध लिहीत होता. तो वाकून बघत म्हणाला, "लाल ओळीच्या वर बघ की. फाइलचा पत्ता काय आलाय?"

पत्त्यात तिच्या लॅपटॉपवरच्या खात्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, मध्ये मोकळी जागा, पुन्हा प्रश्नचिन्हं. क्रांतीनं कपाळावर हात मारला. तिथं 'बिरोबा प्रसन्न' असायला हवं होतं. लॅपटॉप घेताना अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुकानदाराकडून तेच नाव टाकून घेतलं होतं. कंपायलरला ना देवनागरी झेपत होती ना मधली मोकळी जागा.

तिनं खात्याचं नाव बदललं. फोल्डरचं नाव जुनंच राहिलं. पुन्हा लाल ओळ. तिनं चिडून फोन लावला.

"आण्णा, कॉम्प्युटरला देवाचं नाव कुणी देतं का वं?"

"आगं, टेम्पोवर हाय, पाण्याच्या मोटारीवर हाय. तुज्या मशिनीनं काय घोडं मारलंय?"

"त्यापायी माजं काम अडलंय!"

"देवापायी न्हवं. मशिनीपायी म्हण."

तिनं फोन ठेवला. इंग्रजी अक्षरांत, एका शब्दाचं नवं खातं काढलं आणि सगळं पहिल्यापासून उतरवायला घेतलं. कॉलेजचं नेट दोनदा गेलं. सव्वाचारला कंपायलर सुरू झाला. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि यावेळी एकही लाल नव्हती. पण निकालाची आकडेमोड पाचला जेमतेम एक तृतीयांश झाली होती.

तिनं लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर धरला आणि पार्किंग गाठलं. मॅडम गाडीची किल्ली काढत होत्या.

"झालं?"

"चाललंय, मॅडम. अजून दीड तास म्हणतोय."

"मला थांबता येणार नाही, क्रांती."

"मग मी येते. कराडपर्यंत होईल. तिथून एसटीनं परत जाईन."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि पलीकडचं दार उघडलं. "बॅटरी?"

"बावन्न टक्के."

"गाडीत चार्जर चालत नाही."

क्रांतीनं स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन पट्टा लावला.