डबीतली तार

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एका पंख्याची आहे, पण ती मोठ्याने सांगवत नाही.

मिस्त्रीने टेबलफॅन खिडकीशी ओढला, मागची टोपी काढली आणि पंखा तसाच चालू केला. पंख्याची मान सावकाश डावीकडे वळली आणि टोकाला पोचताच 'टक्' झालं. उजवीकडे जाऊन ती पुन्हा डावीकडे आली. पुन्हा 'टक्'.

"पाच वर्षं ऐकतेय मी हे," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या पडूनच होत्या. "हिची कृपा. केर काढताना पाडला. हिने हात लावला की वस्तू मोडलीच."

सून दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मग तेव्हाच का नाही आणलात माझ्याकडे?"

"कसला आणतेय! हे तेव्हा याच खाटेवर होते. पंखा हलवला की जीव कासावीस व्हायचा त्यांचा. शेवटचे चार महिने डोळ्याला डोळा म्हणून लागला नाही. जरा कुठे डुलकी लागली, की टक्. ते गेल्यावर मीच कुणाला हात लावू दिला नाही. आता त्याच खाटेवर मी आलेय, म्हणून बोलावलं तुम्हाला."

मिस्त्रीने पंखा बंद केला आणि मान फिरवणारी गिअरची डबी उघडायला घेतली. तीन स्क्रू सहज निघाले. चौथा करकरत निघाला. त्याच्या आट्यांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती.

मिस्त्रीचा हात थांबला.

झिजलेल्या आट्यांना तार गुंडाळून स्क्रू घट्ट बसवायचा, ही युक्ती त्याची स्वतःची. अख्ख्या बाजारात दुसरं कुणी तसं करत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी हा पंखा नुसत्या तेलपाण्यासाठी त्याच्या दुकानात आला होता. नवा स्क्रू शोधायचा कंटाळा केला होता त्याने. आता त्या तारेचा तुटलेला तुकडा काळ्या पडलेल्या ग्रीसमध्ये पडला होता, आणि तो अडकून शेजारच्या प्लास्टिकच्या चाकाचा एक दात उडाला होता. पंखा पडल्याने हे झालं नव्हतं.

तो ग्रीस पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला. या घरात तार आणि दात कोण ओळखणार होतं? कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस तो. दुसऱ्यांच्या पापाच्या गोष्टी ऐकून त्याचे डोळे कितीदा भरून आले होते. आज ते कोरडे होते.

पिशवीतलं जुनं, पण धड चाक त्याने बसवलं. नवं ग्रीस भरलं, डबी बंद केली. पंख्याची मान डावीकडे गेली, आणि काहीच झालं नाही.

"अगं बाई!" सासूबाई सुनेकडे वळल्या. "बघ, हात असावा तर असा. शीक काहीतरी."

मिस्त्रीच्याने ते ऐकवलं नाही. त्याने तारेचा तुकडा तळहातावर घेऊन खाटेशी धरला.

"बाई, सूनबाईंनी नाही बिघडवला. मी बिघडवला."

आणि त्याने सगळं सांगितलं. सासूबाई तारेकडे बघत होत्या.

"तेल घालून आणा म्हणून मीच पाठवला होता," त्या म्हणाल्या. "हे नको म्हणत होते. चांगला चाललाय, म्हणाले, उगाच कशाला. मीच हट्ट धरला."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पंख्याचा वारा त्यांच्या पाठीवरून जात राहिला.

मिस्त्री पिशवी उचलून बाहेर पडला. सून जिन्यापर्यंत आली.

"कशाला सांगितलंत, काका?"

"अहो, तुमच्यावर आळ होता..."

"मला ठाऊक होतं. मी पाडला त्याच्या आदल्या दिवशीही तो वाजत होता. बाबांनी खाटेवर पडल्या पडल्या तो आवाज ऐकला होता. मला म्हणाले, तेल घालून आणल्यावर बिघडला, हे तुझ्या सासूला कळलं तर ती स्वतःला खात बसेल. राहू दे ना तुझ्यावर. मी हो म्हटलं होतं."

मिस्त्री मान खाली घालून पहिली पायरी उतरला.

"सावकाश उतरा, खाली अंधार आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

अर्ध्या जिन्यात त्याला तिचा आवाज ऐकू आला.

"आई, इकडे बघा ना. आई."



तर एवढंच. कधी हात जोडाल तेव्हा त्या सुनेला आठवा. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या माउलीलाही आठवा. मिस्त्रीचं राहू द्या. त्याचं तो बघेल.