रविवारचा पाईप

गोदीत त्याला सगळे धुरंधर म्हणायचे. कामात तो वाकबगार होताच. जहाजाच्या इंजिनाचा अवजड तुकडा क्रेनने उचलून असा अलगद खाली टेकवायचा की खालच्या माणसांना हात पुढे करावा लागत नसे. पण नाव पडलं होतं ते धुरावरून. सकाळी क्रेनच्या उंच केबिनच्या खिडकीतून धुराचा पहिला लोट बाहेर आला की खालचे म्हणत, "चला, बॉयलर पेटला, लागा कामाला."

तो पाईप ओढायचा, आणि त्यात ऐरागैरा तंबाखू चालायचा नाही. गोदीच्या फाटकासमोर तंबाखूचं एक जुनं दुकान होतं. मालकीण बरण्यांमधून वेगवेगळी पानं काढून मिश्रणं करून द्यायची, आणि त्यातलं सगळ्यांत जहाल मिश्रण म्हणजे 'काळी'. डांबरासारखी काळीकुट्ट, दाबून वडी केलेली, हाताला किंचित चिकट. सुरीने तिचे पातळ काप काढायचे, तळहातावर चोळायचे, जरा वाळू द्यायचे आणि मग पायपात भरायचे. डबा नुसता उघडला तरी ओलं चामडं, जळकं लाकूड आणि आंबत चाललेला गूळ एकदम समोर आल्यासारखं वाटायचं. नवीन आलेल्या एका साहेबाने एकदा हौसेने दोन झुरके घेतले आणि कठडा धरून म्हणाला, "जहाज फार हलतंय हो." जहाज कोरड्या गोदीत ठोकळ्यांवर उभं होतं. हलत होते ते साहेबच. हा किस्सा पुढे कित्येक वर्षं गोदीत चवीने सांगितला जायचा.

काम सुटलं की धुरंधर आणि त्याचा दोस्त वेल्डर धक्क्याच्या भिंतीवर येऊन बसायचे. वेल्डर बुटका, ठिणग्यांनी डोळे कायमचे मिचमिचे झालेला. छाती भरून यायला लागल्यावर त्याने स्वतःच्या सिगारेटी कधीच सोडल्या होत्या, पण काळीचा वास त्याला फार प्रिय. "तू ओढ, मी फुकटात हुंगतो," असं म्हणत तो वाऱ्याची बाजू बघून बसायचा. धुरंधर दातांत पाईप धरून साहेबांपासून समुद्रपक्ष्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा आणि वेल्डर हसून हसून बेजार व्हायचा.

घरी मात्र पाईप गॅलरीत. बायकोचा तसा हुकूमच होता. "अहो, तुमचा शर्ट तीनदा धुतला तरी वास जात नाही. साबण हरला, मी हरले, आता तुम्ही तरी हरा," ती म्हणायची. तो गॅलरीतून मान आत घालून म्हणायचा, "मी अजिंक्य आहे." इतकं ते भांडण जुनं झालं होतं की त्यात दोघांनाही गंमत वाटायची.

निवृत्त झाला त्याच वर्षी त्याचा आवाज बसला. सर्दी म्हणून आधी दुर्लक्ष केलं, मग गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, मग मुलगी हात धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती आणि आडपडदा न ठेवता बोलणारी होती. घशात गाठ आहे म्हणाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, नंतर श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल आणि बोलता येणार नाही. तिने त्या ओघात वासाबद्दलही काही सांगितलं होतं, पण आवाज जाणार एवढं ऐकल्यावर पुढचं काहीच त्याच्या कानात शिरलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. तो घरी आला तेव्हा गळ्यावर जाळीदार कापडाची पट्टी होती आणि तिच्यामागे श्वासाची बारीक शीळ वाजत होती. दवाखान्यातून एक यंत्र दिलं होतं. ते मानेला लावून ओठ हलवले की मधमाशीसारखा आवाज यायचा. नात तो आवाज ऐकून आईच्या मागे दडली. त्याने ते यंत्र खणात टाकलं ते टाकलंच. मग मुलीने एक पाटी आणून दिली आणि तीच त्याची जीभ झाली. घरातले सगळे पाईप आणि डबे मुलीने त्याआधीच कचऱ्यात टाकले होते. तिची काही चूक नव्हती.

एके दिवशी तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसला होता. बायको खालच्या मजल्यावर गेली होती आणि गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, करपलं आणि पातेलं कोळशासारखं झालं. बायको जिन्यातूनच ओरडत धावत आली. "अहो, समोर बसून काय करताय? अख्ख्या जिन्यात वास पसरलाय! नाक काय गहाण टाकलंय का..." आणि मधेच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. धुरंधर जागेवरून उठला, पातेल्यावर वाकला आणि छाती फुगवून श्वास घेतला. हवा गळ्यातून आत गेली. नाकापर्यंत काहीही पोचलं नाही. नाक नुसतंच चेहऱ्यावर होतं, भिंतीवर रंगवलेल्या खिडकीसारखं.

त्यानंतर तो घरभर हुंगत फिरला. साबण, रॉकेल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. कशालाच वास नव्हता. तरी एक आशा त्याने कुणाला न सांगता मनात धरून ठेवली. साबणाचं काय, साबण लेचापेचा. काळी जहाल आहे. तिने साहेबाला आडवा केला होता. काळीला कुठलीही वाट बंद नसेल.

रविवारी दुपारी बायको मुलीकडे जायची आणि त्या वेळी वेल्डर यायचा. ते येणं म्हणजे दोघांनाही शिक्षा होती. आयुष्यभर एक बोलला आणि एक हसला, आणि आता बोलणारा मुका. वेल्डरला स्वतःला बोलायची सवय नव्हती. तो टोपी हातात फिरवत "बाकी ठीक?" म्हणायचा, धुरंधर मान हलवायचा. मग दोघे खिडकीकडे बघायचे. थोड्या वेळाने वेल्डरला काहीतरी काम आठवायचं.

अशाच एका रविवारी धुरंधरने पाटीवर लिहिलं, 'काळी आण.'

"वेड लागलंय का तुला?" वेल्डर उठूनच उभा राहिला. "डॉक्टरीण माझी सालटी काढेल. आणि वहिनी? वहिनी तर मला दारात उभं करणार नाहीत."

धुरंधरने खाली लिहिलं, 'एकदाच.' आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ ओढली की खडू मोडला.

पुढच्या रविवारी वेल्डर आला तो कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. आतून त्याने डबा काढला आणि एक पाईपही काढला. धुरंधरचाच जुना पाईप, कधीतरी वेल्डरच्या कपाटात राहून गेलेला. "तुला नाही म्हणणं या जन्मी मला जमायचं नाही लेका," तो पुटपुटला. काप त्यानेच काढले, धुरंधरने चोळले. बोटांना ती चिकट ओल लागली.

छातीने ओढणं आता शक्य नव्हतं. पण पायपाचा धूर तो कधी छातीत घेतच नसे. त्याने ओठ मिटले आणि गाल आत ओढून भात्यासारखे चालवले. दोनदा काडी विझली. तिसऱ्यांदा तंबाखू लाल झाला आणि तोंडात धूर आला.

धूर गरम होता. जिभेला मुंग्या आल्या, टाळूला कडू लागलं. तो डोळे मिटून थांबला. चामडं येईल, जळकं लाकूड येईल, क्रेनच्या केबिनमधली सकाळ येईल. त्याने आणखी एक झुरका घेतला, त्याहून मोठा. गरम आणि कडू. उकळत्या पाण्यात औषधाची गोळी विरघळवून तोंडात धरावी तसं. त्यापलीकडे काही नाही.

"अहाहा," वेल्डर म्हणाला. तो वाऱ्याची बाजू बघून बसला होता आणि त्याचे मिचमिचे डोळे पाण्याने भरले होते. "तोच रे तोच. काय आठवलं सांगू? ते साहेब आणि ते हलणारं जहाज!" तो हसायला लागला. कित्येक महिन्यांत त्या खोलीत कुणी असं हसलं नव्हतं. मग पुढे झुकून त्याने विचारलं, "येतोय ना रे वास?"

धुरंधरने त्याच्याकडे पाहिलं. पाटी मांडीवरच होती. त्याने मान डोलावली, डोळे मिटले आणि फार सुख होत असल्यासारखा हात हवेत फिरवला.

झालं. मग 'एकदाच'चं दर रविवार झालं. वेल्डर आता बोलायलाही लागला. गोदीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातून साखळदंड सुटला, सगळं नकला करून सांगायचा. धुरंधर गाल चालवत बसायचा आणि योग्य जागी मान हलवायचा. जीभ सोलवटून निघत होती. वेल्डर गेल्यावर धुरंधर चुळा भरायचा, खिडक्या उघडायचा, उशा झटकायचा आणि मग खोलीच्या मध्यभागी उभा राहायचा. वास गेला की नाही, त्याला कळायला मार्ग नव्हता.

तो गेलेला नसायचाच. बायको एकदा लवकर परतली आणि दारातच थांबली. तिने चप्पलही काढली नाही. आता ही कडाडणार म्हणून तो वाट बघत राहिला. त्याला ते भांडण हवंही होतं. पण ती कडाडली नाही. येऊन त्याच्यासमोर बसली.

"किती दिवस चाललंय? मला वाटायचं, पडद्यांना जुनाच वास आहे." तिने पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. "ओढा. तुमच्याकडे तरी दुसरं काय उरलंय म्हणा."

त्याने मांडीवरची राख झटकली.

"वास येतो तरी का त्याचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"चव?"

पुन्हा नाही.

"मग कशासाठी हो?"

त्याने पाटी घेतली. मग लिहिलं, 'तो बसतो.'

तिने ते वाचलं आणि पाटी तळहाताने पुसून टाकली. त्यानंतर रविवारी ती मुलीकडून उशिरानेच परतायला लागली.

हिवाळ्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरणीने जिभेची कड उचलून पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. "तुम्ही अजून ओढता?" तिने विचारलं. तिथल्या जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि कर्करोगाची जी भीती होती तीच खरी निघाली. "हे सगळं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली, "पण आगीत तेल ओतलं गेलंय. आता जीभ काढावी लागेल, आणि काढूनही खात्री देता येत नाही." धुरंधरने पाटीवर 'नको' लिहून ती तिच्याकडे सरकवली. मुलगी रडली, भांडली, पण त्याने पाटीवर दुसरा शब्द लिहिला नाही.

त्या रविवारी बायको घरीच थांबली. बेल वाजली तेव्हा तिनेच दार उघडलं. वेल्डरच्या हातात नवाकोरा डबा होता. तिला पाहून त्याने तो पाठीमागे नेला.

"लपवू नका. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. आणि उंबऱ्यातच, आवाज न चढवता, तिने त्याला जिभेचं सगळं सांगितलं. वेल्डर ऐकत राहिला. त्याचा हात हळूहळू खाली आला.

"वहिनी," तो म्हणाला, "शप्पथ, मला वाटलं..." त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. "तेवढंच एक सुख उरलं होतं हो त्याला. डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, निदान एवढं तरी... सुख होतं ना त्याला? तुम्हीच सांगा."

ती काही बोलायच्या बेतात होती. आतल्या खुर्चीतून धुरंधर अर्धवट उठला होता आणि दोन्ही हात हलवून तिला नको, नको म्हणत होता. वेल्डरची मान खाली होती, त्याला ते दिसलं नाही. तिला दिसलं.

"हो," ती म्हणाली. "फार आवडायचं त्यांना. रविवारची वाट बघायचे."

तिला वाटलं, याने वेल्डरला जरा बरं वाटेल. वेल्डरने नुसती मान हलवली, डबा कोटात घातला आणि आत न येताच जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोनवर गुडघ्याचं काहीतरी कारण सांगितलं. त्यापुढच्या रविवारी फोनही आला नाही. बायकोने एकदा विचारलं, "मी बोलावून आणू का त्यांना? म्हणावं, नुसते बसा." धुरंधरने बराच विचार केला आणि मान हलवली, नको. नुसतं बसणं दोघांनाही जमत नव्हतं, ते त्याला माहीत होतं.

वसंत संपेपर्यंत जीभ इतकी सुजली की पातळ पदार्थही नळीने द्यावे लागले. बायकोने मुलीकडे जाणं बंद केलं. रविवारी दुपारी ती त्याच्याजवळ विणकाम घेऊन बसायची. वेल्डरसारख्या नकला तिला येत नव्हत्या, आणि सांगण्यासारखंही फारसं काही घडत नव्हतं. तो पाटी हातात घ्यायचा आणि काही न लिहिता परत ठेवायचा.

एका रविवारी दुपारी लिफ्ट त्यांच्या मजल्यावर येऊन थांबली. जाळी सरकल्याचा आवाज झाला आणि कुणाची तरी पावलं बाहेर पडली. दोघांनीही एकदमच दाराकडे पाहिलं. तिची सुई हातातच थांबली. पावलं जवळ आली, दारापाशी क्षणभर घुटमळली आणि पुढच्या घराकडे निघून गेली. तिकडे कुणीतरी दार उघडलं, लहान मुलांचा गलका झाला आणि दार लागलं.

बायकोने टाके मोजायला घेतले. तिचा आकडा चुकला, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.