रसबाबाचा दुसरा रस

“आला! रस आला!”

डोमाजी गुळव्या इतक्या जोरात ओरडला की चरक ओढणारे बैलही थबकले. गुऱ्हाळाभोवती आमचं अख्खं गाव जमलं होतं. शिवाय शेजारच्या दोन गावांचे लोक, कटंगीच्या बाजाराहून परतणारे, आणि एक बांगडीवाला, जो आला होता धंद्याला आणि उभा होता हात जोडून. चरकाच्या तोंडाशी बसून मैनाबाई चिपाडं लावत होती. चिपाडं म्हणजे एकदा पिळून झालेला ऊस. तो उन्हात वाळवायचा आणि गुळाच्या कढईखाली जाळायचा, एवढाच त्याचा उपयोग आम्हाला ठाऊक. त्या चिपाडांतून घळाघळा रस वाहत होता. एक घागर भरली, दुसरी भरली, तिसरी लावली.

“जय हो रसबाबा की!”

रसबाबा समोर खाटेवर मांडी घालून बसले होते. चरकाच्या दांडीला त्यांनी तांब्याची एक पट्टी बांधली होती, तिच्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या. “बेटा, गन्ना कभी मरता नहीं,” ते डोळे मिटून म्हणाले. “तुम चरक में पेरके रस निकालते हो, सोचते हो मर गया. अरे, देवी उसमें सोई है! हम तो बस पुकारते हैं, उठ माई, तेरे बच्चे घागर लेके खड़े हैं!”

बच्चे, म्हणजे साठ-साठ वर्षांचे बाप्ये, घागरी घेऊन खरोखरच उभे होते. मी लिंबाखाली बसलो होतो. मला जांभई आली.

मैनाबाईचा नवरा चैतराम माझ्याकडे बघून खेकसला, “मिस्तरी, देवाच्या कामात जांभई काहून देता?”

“झोप आली म्हणून,” मी म्हणालो.

मी खेमराज. उकव्याच्या मँगनीज खाणीत बावीस वर्षं पंपांवर फिटर होतो, म्हणून गाव मला मिस्तरी म्हणतं. चौसष्ट साली ही गोष्ट घडली तेव्हा मी खाण सोडून घरी आलो होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत गावात आलेला हा चौथा बाबा होता. पहिल्यानं गुप्तधनाचा हंडा काढून देतो म्हणून पाच घरांची जमीन खणवली आणि जाताना फावडंसुद्धा घेऊन गेला. त्या वेळी मी गळा सुकेपर्यंत बोललो होतो. दुसऱ्या वेळी थोडं कमी बोललो. तिसऱ्या वेळी नुसता घरात बसलो. माणूस थकतो हो! खरं सांगून सांगून माणूस जितका थकतो, तितका खोटं बोलणारा कधी थकलेला मी पाहिला नाही.

आणि या चरकाचं दुखणं मला पाठ होतं. अकरा घरांनी मिळून घेतलेला तो लोखंडी चरक, तीन उभे रूळ, मधल्या रुळाचे पितळी बुश, म्हणजे रूळ ज्यांत फिरतो ती कडी, झिजलेले. बुश झिजले की रूळ हलतात, रुळांत फट पडते, ऊस नीट पिळला जात नाही आणि चिपाडांत रस राहून जातो. दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडत होतो, बुश बदला, बुश बदला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी नारळ मागितला नाही, अंगाला राख फासली नाही, मग माझं कोण ऐकणार?

बाबांची रीत अशी होती. दोन दिवस उन्हात वाळलेली चिपाडं ते सगळ्यांना मोडून बघायला लावत. कडाकडा मोडायची. मग ती गुऱ्हाळामागच्या त्यांच्या झोपडीत जायची. दाराला लाल पडदा, आत मिट्ट अंधार, देवी, आणि जटा वाढवलेला एक चेला. सकाळी गेलेली चिपाडं दुपारनंतर लाल कापडात गुंडाळून बाहेर येत आणि चरकात पडत की रस सुरू. चाखून बघितलं तर गोड! नाही म्हणायला सोय नव्हती.

आमच्या गावात रस घागरीनं मोजायची रीत आहे. गुऱ्हाळ सुरू असलं की भेटेल तो हेच विचारतो, “किती घागरी झाल्या?” एकेका घराला दहा-दहा घागरी वाढल्या म्हटल्यावर लोक वेडेच व्हायचे राहिले होते. गूळ किती झाला, हे कुणी विचारत नव्हतं. बाबांचा रस चांगल्या रसात ओतून एकाच कढईत कढत होता. गूळ मऊ पडायला लागला, जळण दीडपट लागायला लागलं, तेव्हा डोमाजीनं भीत भीत विचारलं होतं. बाबा म्हणाले, “माई जागती है तो आग मांगती है.” झालं, डोमाजीचं तोंड बंद.

इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात बाबांनी नवीनच काढलं. म्हणे ही पट्टी तात्पुरती, चरकातच दोष आहे. तो गोंदियाच्या पलीकडे गुरूच्या आश्रमात नेऊन शुद्ध करायला हवा. महिनाभरात परत येईल आणि मग एका उसातून तीनदा रस देईल. गावानं माना डोलावल्या. चैतरामनं आपली बैलगाडी देऊ केली. गुरुवारी दुपारी चरक जाणार, असं ठरलं.

मंगळवारी मैनाबाई माझ्या अंगणात आली. पदर खोचलेला, कपाळावर आठ्या.

“मिस्तरीभाऊ, माये हात पाहा.”

मी पाहिले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

“धुणं धुतलं काय?”

“धुणं नाई. बाबाची चिपाडं लावली. चौदा वर्षं चरकावर बसून राह्यली मी. ऊस लावला का हात चिकट होते, माशा बसते. असे सुरकुतत नाई कधी. आन चिकटपन बी नाई! हे पान्याचं काम हाय, भाऊ.”

मी हसलो. बावीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला जे हाताळून बघायचं सुचलं नव्हतं, ते या बाईच्या बोटांनी ओळखलं होतं. तरी मी म्हणालो, “खरं आहे तुझं. पण कुणी ऐकणार नाही. जाऊ दे.”

“जाऊ कसं देऊ?” ती एकदम भडकली. “सगळ्याइचा ऊस पिळून झाला. आमची पाळी शेवटची, शुक्रवारपासून. गुरुवारी चरक गेला त माया ऊस वावरात उभ्याउभ्या वाळन! वर्षाचा गूळ तोच, बैलाची पेंड त्याच्यावरच. आन गाडी कोन जुपून राह्यला? मायाच नवरा! त्याले सांगाले गेली त म्हनते, तुह्या तोंडानं देवी कोपन. तुमी थकले म्हनून मी बी थकू काय?”

मला लाज वाटली, हे सरळ सांगतो.

“पाणी आत कुठून येतं, ते कळायला हवं,” मी म्हणालो.

“मीच त भरतो!” ती म्हणाली. “बाबाच्या अंघोळीले म्हनून रोज अकरा घागरी झोपडीच्या रांजणात वततो. अकरा घागरी! आन बाबाच्या जवळून गेलं त बोकडाचा वास येते.”

मग दोघंही थोडा वेळ हसलो. हसता हसता ती थांबली. होळी आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे होळीचा रंग पळसाच्या फुलांचा. फुलं उकळायची, चिमूटभर चुना टाकायचा, रंग केशरी चढतो. तिच्या अंगणात असं एक मडकं तयारच होतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “अंघोळीच्या पान्यात रंग पडला त अंगालेच लागन ना बाबाच्या?”

गुरुवारी गर्दी दुप्पट होती, बांगडीवालाही पुन्हा आला होता. चरकाचे दोन बोल्ट आधीच ढिले केलेले, बाजूला चैतरामची गाडी, बैलांच्या शिंगांना गेरू. निघण्याआधी शेवटचं दर्शन म्हणून बाबांनी एकदा चिपाडं लावायला सांगितली. मी म्हणालो, “बोल्ट तेवढे आवळतो, नाहीतर देवी अंगावर पडेल.” ते आवळून मी लिंबाखाली जाऊन बसलो. लाल कापड उघडलं. चेल्यानं वरवर कोरडी चिपाडं पसरली होती. मैनाबाईनं ती चरकात सारली, मग खालची घेतली. बैल फिरले.

रस आला. केशरी!

मला वाटलं, सुटलो. आता तरी कळेल.

“केशर!” डोमाजी किंचाळला. “बाप्पा रे, देवीनं केशर देल्लं!”

आणि सगळं गाव जमिनीवर आडवं झालं. चैतराम तर बाबांच्या पायांवर डोकं आपटायला लागला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी रसाकडे पाहिलं, चेल्याकडे पाहिलं, मग चटकन डोळे मिटले आणि हात वर केला. “माई प्रसन्न! माई प्रसन्न! जल्दी गाड़ी भरो!”

मी कपाळाला हात लावला. पुरावा नाकासमोर धरला तर त्याचीच पूजा करणारं गाव! अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं माझं. उठून घरी जावं असंच वाटलं.

पण मैनाबाई चरकावरून उठली. डोक्यावरून फिरणारी दांडी चुकवून ती वाकून बाहेर आली आणि तिनं बैलांचं दावं धरलं.

“देवीचं नाई ते. मायं हाय.”

“गप बस!” चैतराम ओरडला.

“नाई बसत. पळसाचा रंग हाय तो, होळीचा. सकाळी मीच वतला बाबाच्या रांजणात.” तिनं सकाळीच आणून ठेवलेलं मडकं पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर कलंडलं. तोच केशरी रंग मातीवर पसरला. “अंघोळीच्या पान्यातला रंग चिपाडात कसा आला, ते बाबाले इचारा. बाबाचं आंग त कोरडंच हाय!”

“औरत अपवित्र है! माई रूठ जाएगी!” बाबा ओरडले.

“माई रुसो, पन पडदा उघडा,” मैनाबाई म्हणाली.

आता मी उठलो. चेला दारात आडवा झाला, पण बांगडीवाल्यानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. पडदा काढला. आत देवीची एक तसबीर होती, आणि मागे गुरांना पाणी पाजायचा लाकडी डोणा, काठोकाठ भरलेला. केशरी पाण्यात चिपाडं भिजत पडली होती.

लोक एकेक करून आत डोकावून गेले. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी सांगितलं ते थोडक्यात इथेही सांगतो. आपला चरक झिजलेला, म्हणून चिपाडांत साखर उरते. ती पाण्यात भिजवली की साखर पाण्यात उतरते, आणि पिळली की गोड पाणी निघतं. साखर कारखान्यांतही पिळलेल्या उसावर पाणी सोडून तो पुन्हा पिळतात. त्यात देवी नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. गोडी आपल्या उसाची होती, पाणी आपल्या विहिरीचं, भरलं आपल्याच बाईनं. बाबाचा फक्त पडदा होता.

डोमाजीनं त्याच दिवशी बाबाच्या केशरी रसाच्या चार घागरी वेगळ्या कढवल्या. सूर्य खाली गेला तरी पाणी आटेना. एवढं जळण जाळून शेवटी कढईच्या तळाशी जेमतेम ओंजळभर गूळ उरला, तोही चिकट. चांगल्या रसाच्या चार घागरींची अख्खी ढेप होते.

बाबाला कुणी मारलं नाही. तो आणि चेला तुमसरच्या बसनं गेले. जाताना डोमाजीनं त्यांच्या झोळीत गुळाचा एक खडा टाकला. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, “असू द्या मिस्तरी. खरंच निंघाला असता त?”



मी बालाघाटहून बुश आणून बसवले, रूळ सारखे केले. चिपाडं इतकी कोरडी पडायला लागली की ढिगावर पाय दिला तर करकर वाजायची. चैतरामच्या उसाला पहिल्याच पिळण्यात आठ घागरी जास्त आल्या, खऱ्या रसाच्या, आणि त्या मैनाबाईनं मोजल्याच नाहीत. तिनं ढेपा मोजल्या. चैतराम मात्र कुंकू घेऊन आला, नव्या बुशांना लावलं आणि वाकून माझ्या पाया पडायला लागला. “तुमच्या हाताले यश हाय, मिस्तरी. नारळ फोडू काय?”

“फोड आणि खोबरं खा,” मी म्हणालो. पाचवा बाबा मीच होतो की काय, अशी मला भीती वाटली.

तेवढ्यात मैनाबाईनं विचारलं, “भाऊ, कारखानेवाल्याइले पानी टाकून परवडते, मंग आपल्याले काहून नाई परवडत?”

चैतराम म्हणाला, “तुले काय कराच्या उठाठेवी?”

मी त्याला गप्प बसवलं. इतक्या वर्षांत या गावात मला असं कुणी विचारलं नव्हतं. पाठ दुखत होती, भूक लागली होती, तरी मी खाली बसलो. काडीनं जमिनीवर कढई काढली आणि सांगत गेलो. पाणी आटवायला किती जळण लागतं, भिजलेली चिपाडं का जळत नाहीत, कारखान्यातल्या भट्ट्या किती मोठ्या असतात. ती मध्ये मध्ये अडवून विचारत होती. एक गोष्ट मलाही नीट येत नव्हती, तेव्हा मी सरळ सांगितलं की हे मला माहीत नाही.

बाबा येतीलच. हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात येतील. तुम्ही त्यांच्याशी भांडू नका, त्यानं काही होत नाही, मी करून बसलोय. फक्त त्यांचा रस वेगळा कढवा. पडद्याआड काय आहे ते बघायला मागा. आणि घरातली कुणी बाई आपले हात दाखवायला आली, तर मी थकलोय असं तिला सांगू नका.

चैतराम अजून ताटकळत उभा होता. मैनाबाईनं जमिनीवरच्या कढईकडे बोट दाखवून त्याला बसायला सांगितलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.